हिशोब नाही, तर सही नाही

राज्य शासन, चंद्रपूर आणि गडचिरोलीचे जिल्हा प्रशासन, या दोन जिल्ह्यांत खाणी आणि कारखाने चालवणाऱ्या कंपन्या आणि आमचेच सरपंच-सदस्य, अशा चौघांना हा जाहीर इशारा आहे. मुदत येत्या १ मेच्या ग्रामसभेपर्यंतची. तोवर खाली मांडलेल्या मागण्यांवर लेखी पाऊल उचलले गेले नाही, तर ग्रामसभा सही देणार नाही. कोणती सही, आणि तिच्यावाचून कोणाचे काय अडेल, ते शेवटी सांगू. आधी दुखणे ऐकून घ्या.

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे, चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरची पेपर मिल आहे आणि ऊर्जानगरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे. तेंदू, बांबू, सागवान यांची मोजदाद वेगळीच. एवढे सगळे ज्या गावांच्या शिवारातून बाहेर जाते, त्या गावांच्या ग्रामपंचायतीला पथदिव्यांचे वीजबिल भरता येत नाही, नळयोजनेच्या पंपाची मोटर जळाली तर वर्गणी गोळा करावी लागते आणि शिपायाचा पगार महिनोन्महिने लांबतो. ही दैवगती नाही. नियम तसे केले आहेत आणि ते बदलता येतात.

ग्रामपंचायतीला स्वतःचा पैसा कुठून येतो? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातले कलम १२४ घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडी बाजाराची फी असे मार्ग देते. कोरची किंवा भामरागड तालुक्यातल्या गावाचा नमुना ८, म्हणजे करआकारणीची नोंदवही, उघडून बघा. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, भांडवली मूल्य नगण्य. शंभर टक्के वसुली झाली तरी त्यातून वर्षाचे ब्लिचिंग पावडर आणि वीजबिल सुटत नाही.

दुसरा मार्ग मुद्रांक शुल्काचा. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर जादा एक टक्का शुल्क लागते आणि ते जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीकडे येते. पुण्याभोवतीच्या ग्रामपंचायती या पैशावर गब्बर झाल्या. आमच्याकडे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ अ ने बंधन आहे आणि ते असलेच पाहिजे. पण मग त्या बंधनामुळे बुडणारे उत्पन्न कोण भरून देणार? तिसरा मार्ग जमीन महसुलावरच्या उपकराचा. १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमाने रुपयाला २० पैसे उपकर ठरवला. गडचिरोलीचे तीन चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र जंगलाखाली आहे. ज्या जमिनीला महसूलच नाही, तिच्यावर उपकर कसला?

म्हणजे राज्यभर एकच कर-चौकट लावली आणि ती जिथे बसत नाही तिथल्या माणसांना ‘मागास’ म्हटले. आमची गावे कर बुडवतात म्हणून गरीब नाहीत. ज्यावर कर बसवता येईल ते सगळे त्यांच्या अधिकाराबाहेर ठेवले आहे.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. देशभरातल्या पंचायतींच्या एकूण महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का, केंद्राच्या अनुदानाचा सुमारे ऐंशी टक्के. हा पैसा येतो तोही बांधून. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता, उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपले ठरवायचे होते. त्या चाळीस टक्क्यांवर संगणक परिचालकाचे मानधन आले आणि वरून निघणारी नवनवी परिपत्रकेही आली. २०२१ मध्ये पथदिव्यांची वीजबिलेही याच आयोगाच्या पैशातून भरायला सांगण्यात आले. आराखड्याला नाव ‘आमचा गाव, आमचा विकास’. त्यातल्या किती ओळी गावाने लिहिल्या, ते ग्रामसेवकाला एकांतात विचारा.

आता जिल्हा परिषदांकडे या. दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. चंद्रपूर महापालिकेचीही मुदत त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपली. तिथे मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. त्याच महिन्यात ज्या १२ जिल्हा परिषदांची निवडणूक जाहीर झाली, त्या यादीत चंद्रपूर नव्हते, गडचिरोलीही नव्हते. आरक्षण ५० टक्क्यांवर गेल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण वादाची किंमत कोण मोजतो आहे, हे मुंबईला माहीत आहे का? पंधराव्या आयोगाच्या अनुदानात ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के अशी वाटणी होती. निवडून आलेली मंडळी नाहीत म्हणून शेवटच्या दोघांचा हप्ता अडला. रस्ता, दवाखान्याची दुरुस्ती, मामा तलावाची पाळ यांतले काय काय त्यात अडकले, ते जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला विचारा. मालगुजारीच्या काळातले हे तलाव धानाला पाणी देतात. त्यातले लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, आणि तलाव गाळाने भरला की धान पावसाच्या भरवशावर जाते.

सोळाव्या वित्त आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून पाच वर्षांचा. निवडून आलेली संस्था, लेखापरीक्षण होऊन लोकांपुढे ठेवलेले हिशोब, वेळेवर नेमलेला राज्य वित्त आयोग, या त्याच्याही अटी आहेत. यातली एकही अट गावाच्या हातात नाही. तिन्ही शासनाने पाळायच्या आहेत. पहिल्याच वर्षी पुन्हा हप्ता बुडाला, तर तो शासनाने आपल्या तिजोरीतून भरून द्यावा. चूक तुमची आणि भुर्दंड आमचा, हा व्यवहार यापुढे चालणार नाही.

आता खनिजाकडे. २०१५ मध्ये खाण कायद्यात कलम ९ ब आले आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान जन्माला आले. जुन्या पट्टेधारकांनी रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावात पट्टा घेतलेल्यांनी १० टक्के एवढी रक्कम प्रतिष्ठानात भरायची आणि ती खाणबाधितांवर खर्च व्हायची. सुरजागडचा ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ चा, म्हणून ३० टक्क्यांचा. तिथे २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन उत्खननाची परवानगी मिळाली आणि नंतर ती आणखी वाढली. चंद्रपुरातल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) बहुतेक जुन्या कोळसा खाणींनाही तोच दर. पैसा थोडा नाही. पण तो खर्च कुठे होतो?

केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतले क्षेत्र थेट बाधित, २५ किलोमीटरपर्यंतचे अप्रत्यक्ष बाधित. किमान ७० टक्के पैसा थेट बाधित क्षेत्रात आणि तोही पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवर. अनुसूचित क्षेत्रात कामांच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता हवी आणि दरवर्षी झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे यायला हवा. एटापल्लीच्या गावांनी, घुग्घुस-माजरीच्या पट्ट्याने, राजुरा-कोरपन्याच्या चुनखडीच्या शिवारांनी आपापले ठराव वहीत शोधावेत: असा अहवाल किती वेळा वाचला गेला? जिल्ह्याच्या ठिकाणची सुशोभीकरणे आणि प्रवेशद्वारे ज्यांना खाणबाधितांची कामे वाटतात, त्यांनी ऑगस्ट २०२२ मधला घुग्घुसचा आमराई वॉर्ड आठवावा. जुन्या भूमिगत खाणीवर वसलेल्या त्या वस्तीत अख्खे घर जमिनीत गेले होते. बाधित म्हणजे काय, हे त्या खड्ड्याइतके स्पष्ट कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही.

याच काळात गडचिरोलीसाठी खनिकर्म प्राधिकरणाचा कायदा आला, २०२५ मध्ये. जिल्ह्याचे पालकमंत्रीपद स्वतः मुख्यमंत्र्यांकडे आहे. म्हणजे निर्णयाला उशीर होण्याचे एकही कारण उरलेले नाही. प्राधिकरण उद्योगांना एक खिडकी देणार असेल, तर गावालाही एक खिडकी द्या. नाहीतर रस्ते झिजवायचे आमचे, धूळ खायची आमची, आणि आकारणीचा अधिकार प्राधिकरणाचा, असा घाट घातला जातो आहे असे आम्ही समजू.

जंगलाचा हिशोब तर याहून अन्यायाचा आहे. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना केंद्रीय करांचा वाटा देताना वनाच्छादनाला ७.५ टक्के वजन दिले. पंधराव्याने वन आणि पर्यावरणाला १० टक्के दिले. महाराष्ट्राच्या पदरात या निकषापोटी जे पडले, त्यात गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलाचा वाटा किती मोठा, हे नकाशावर बोट ठेवून कोणीही सांगेल. राज्याने जंगल दाखवून दिल्लीकडून पैसा घेतला. तो जंगल सांभाळणाऱ्या गावापर्यंत याच निकषाने का उतरत नाही? जंगल खाणीसाठी वळवले की कंपनी त्या जंगलाच्या किमतीपोटी नक्त वर्तमान मूल्य भरते. ती रक्कम २०१६ च्या कायद्याने प्रतिपूरक वनीकरण निधीत जाते: ९० टक्के राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतले जंगल गेले, तिच्या नावाचा रकाना त्यात नाही.

आणि जिथे गावाच्या हाती साधन आले, तिथे काय झाले? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती आला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. दोन्ही गावांनी बांबू विकला, मजुरी वाटली आणि पैशाचा हिशोब सभेत मांडला. कोरचीतल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधून तेंदूचा व्यवहार स्वतः केला. यात सगळे गोड नव्हते. ठेकेदारांनी रक्कम थकवल्याचे चटके ग्रामसभांनी सोसले. पण गावाला पैसा हाताळता येत नाही, ही मंत्रालयातली आवडती सबब या गावांनी कायमची निकालात काढली आहे. २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामपंचायतींना द्यायचे ठरले, तेव्हा शासनानेही हे मान्यच केले होते. केरळने १९९६ मध्ये नियोजनातल्या ३५ ते ४० टक्के पैशाचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपवला. ते राज्य बुडाले नाही.

आता घरच्यांशी बोलू, कारण इशारा एकतर्फी दिला तर तो गाऱ्हाणे ठरतो. सरपंचहो, सदस्यहो, करआकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. किती गावांत सुधारली? ताडोब्याच्या बफरमध्ये मोहर्ली, कोलाऱ्याकडे रिसॉर्ट उभे राहिले. त्यांच्या बांधकामाची मोजणी फीत घेऊन कोणी केली, की मालकाने सांगितले ते लिहून घेतले? कारखान्याशी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ खाली ठोक रकमेचा करार करता येतो. तो करार कोणी वाचला आहे, केव्हा संपतो, रक्कम कशावरून ठरली, हे तुम्ही ग्रामसभेला कधी सांगितलेत? निवडणूक जवळ आली की ‘घरपट्टी राहू द्या’ म्हणणारा सदस्य आणि घरपट्टी थकवून दाखल्यापुरता येणारा मतदार, दोघांनी मिळून ग्रामपंचायत कंत्राटदाराच्या दारात नेऊन बसवली. ज्याच्या पैशावर गावाचा कारभार चालतो, त्याच्याच बाजूने गाव बोलू लागते. हे आम्हाला कळते आणि याचा जाब तुमच्याकडूनही घेतला जाईल.

तर मागण्या या, आणि त्या पाचच आहेत.

पहिली: जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची स्थापनेपासूनची जमा, मंजुरी आणि खर्च गावनिहाय मराठीत छापून प्रत्येक बाधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि १ मेच्या सभेत वाचा. पुढे या निधीचा ठरावीक हिस्सा १५ किलोमीटरच्या आतल्या ग्रामपंचायतींना अबंधित स्वरूपात थेट द्या. प्रतिष्ठानाचे नियम करण्याचा अधिकार कलम ९ ब ने राज्यालाच दिला आहे; दिल्लीकडे बोट दाखवू नका.

दुसरी: सहाव्या राज्य वित्त आयोगापुढे शासनाने लेखी भूमिका मांडावी की वनाच्छादनाचा जो निकष राज्याला मिळतो, तोच निकष राज्य आपल्या जिल्ह्यांना आणि ग्रामपंचायतींना लावील. जमीन हस्तांतरणावरच्या बंधनामुळे अनुसूचित क्षेत्रात जे मुद्रांक शुल्क मिळत नाही, त्याची भरपाईही याच सूत्रात बसवावी.

तिसरी: जिल्हा परिषद निवडणुकीचा तिढा सुटेपर्यंत अडलेल्या प्रत्येक हप्त्याची रक्कम राज्याने अग्रिम म्हणून द्यावी आणि निवडणुकीबाबत न्यायालयात तारखा मागण्याऐवजी निकाल मागावा.

चौथी: प्रत्येक खाण, कारखाना, वीज केंद्र आणि रिसॉर्ट यांनी ग्रामपंचायत वा नगरपंचायतीशी असलेला कराचा करार आणि पाच वर्षांत भरलेली रक्कम जाहीर करावी. सामाजिक दायित्वाच्या पैशातून दिलेल्या शाळेच्या बाकांवर आणि शिलाई यंत्रांवर यापुढे भागणार नाही. कर हा हक्क आहे, देणगी नाही.

पाचवी: ग्रामपंचायतींनी नव्या करआकारणीचा ठराव करावा, मोठ्या थकबाकीदारांची नावे आधी लावावीत, लहानांची नंतर, आणि वर्षाचा जमाखर्च सभेत ओळीओळीने वाचावा. नगरपंचायतींनाही हेच लागू. भामरागड, कोरची, एटापल्ली ही तालुक्याची गावे दशकभरापूर्वी नगरपंचायती झाली. शहराचा खर्च अंगावर आला, शहराचे उत्पन्न आले नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी आस्थापनेचा खर्च राज्याने उचलल्याशिवाय नगरपंचायत हे फक्त पाटीवरचे नाव राहील.

यापैकी काहीच झाले नाही तर? रस्ता अडवणार नाही, ट्रक जाळणार नाही, कोणाच्या अंगाला हात लावणार नाही. या जिल्ह्यांनी बंदुकीच्या दोन्ही बाजूंचे दुःख पुरेसे पाहिले आहे. आम्ही कायदा वापरणार आहोत, आणि तुम्हाला त्याची सवय नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याचे कलम ४ उघडा. गावातली कोणतीही योजना ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय सुरू करता येत नाही. आणि त्याच कलमात लिहिले आहे की खर्च झालेल्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचे आहे. आजवर ते वहीत सह्या गोळा करून घेतले गेले. १ मेनंतर गडचिरोलीतल्या आणि राजुरा-जिवतीकडच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ज्या ज्या गावात हा ठराव होईल, तिथे ते प्रमाणपत्र मिळणार नाही. खनिज निधीतल्या एकाही कामाला हिशोब वाचल्याशिवाय मान्यता मिळणार नाही. मार्चएंडला बिल काढायची घाई असलेल्या कंत्राटदाराने आणि त्याच्या पाठीशी असलेल्या पुढाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावे.

अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावांत मार्ग वेगळा. जमाखर्च ग्रामसभेने नामंजूर केल्याची नोंद इतिवृत्तात होईल, त्याची प्रत लेखापरीक्षकाकडे जाईल. ज्या उद्योगाने कर थकवला, त्याच्यावर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ ची वसुली ग्रामपंचायतीने सुरू करावी: आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचे वॉरंट. घरपट्टीच्या थकबाकीसाठी गरिबाच्या दारात जाणारी ही पद्धत कारखान्याच्या फाटकापर्यंतही जाऊ शकते. जो सरपंच ती सुरू करणार नाही, त्याच्याकडे कारण लेखी मागितले जाईल. आणि खनिज निधी १५ किलोमीटरबाहेर उधळला गेल्याचे कागद हाती आले, की उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ फार लांब नाही.

यात आमचेही नुकसान आहे, हे आम्ही जाणतो. प्रमाणपत्र थांबले की पुढचा हप्ता थांबतो, चालू काम अर्धवट राहते, अंगणवाडीच्या छपराला आणखी एक पावसाळा काढावा लागतो. म्हणूनच हा निर्णय कोणी एकाने घ्यायचा नाही. प्रत्येक गावाने आपल्या सभेत, बायामाणसांसह बसून, किती सोसायचे ते ठरवावे. पाणी, दवाखाना आणि पोषण आहाराची कामे या असहकारातून वगळावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१ मे हा महाराष्ट्राचा दिवस. १९६२ मध्ये याच तारखेला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, सत्ता गावापर्यंत नेण्याच्या घोषणेसह. या १ मेला ध्वजवंदनानंतर ग्रामसभा बसेल. पहिला विषय जमाखर्च, दुसरा खनिज निधीचा अहवाल, तिसरा प्रमाणपत्र रोखण्याचा ठराव. पहिल्या दोन विषयांची कागदपत्रे टेबलावर आली, तर तिसरा विषय मागे घेतला जाईल. नाही आली, तर तो मताला टाकला जाईल.